जुना पेंटॅक्स हाती आल्यावर: काय तपासावं, काय दुरुस्त करावं, पहिला रोल कसा वाया न घालवावा

जुना पेंटॅक्स घेताना बहुतेकांचं लक्ष मॉडेलच्या नावावर असतं. खरं तर ते शटर, उजेड अडवणारा स्पंज आणि लेन्स या तीन गोष्टींवर हवं. नाव गाजलेलं म्हणून के१००० उचलला आणि त्याचं शटर वरच्या वेगाला फ्रेमची एक बाजू काळी ठेवत असेल, तर शेजारी पडलेला, फारसं कोणी न विचारणारा केएम कितीतरी चांगला. के१००० हा त्या केएममधूनच सेल्फ टायमर आणि डेप्थ ऑफ फील्ड (चित्राचा किती भाग स्पष्ट येईल ते) पाहायची सोय काढून बनवलेला आहे. आतली यंत्रणा जवळपास तीच. म्हणून या लेखात मॉडेलांची तुलना कमी आणि तपासणी जास्त आहे. तपासणीचा क्रमही मोडू नका. रोल आणि त्याचं डेव्हलपिंग दोन्ही खर्चिक असतं, आणि फिल्म न घालता कॅमेऱ्याचे बहुतेक दोष कळतात.

हातात काय आहे ते आधी ओळखा

असाही ऑप्टिकल ही कंपनी १९१९ साली टोकियोत सुरू झाली. १९५२ चा असाहीफ्लेक्स हा जपानचा पहिला ३५ मिमी एसएलआर, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत नेणारा कॅमेरा. १९५७ मध्ये पेंटॅक्स हे नाव आलं, आणि त्याबरोबर ४२ मिमी व्यासाचा, १ मिमी आट्यांचा स्क्रू माउंट (लेन्स बसवायची जागा), म्हणजे एम४२. १९६४ चा स्पॉटमॅटिक लेन्समधून आलेला प्रकाश मोजायचा. १९७५ मध्ये स्क्रू गेला आणि के बायोनेट, म्हणजे थोडं फिरवून अडकवायचा माउंट, आला. तो बायोनेट आजच्या पेंटॅक्स डिजिटल एसएलआरवरही आहे. म्हणून सत्तरच्या दशकातली लेन्स नुसती शोभेची ठरत नाही. फिल्म आणि डिजिटल, दोन्ही बॉडींवर ती काम करते.

तपासणीच्या दृष्टीने फिल्म बॉडींचे दोनच गट पडतात. पहिला गट पूर्ण यांत्रिक: स्पॉटमॅटिक, केएम, केएक्स, के१०००, एमएक्स. यांचं शटर सेलशिवाय चालतं, सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागतो. दुसरा गट इलेक्ट्रॉनिक: एमई, एमई सुपर आणि त्यांची भावंडं. यांचं शटर सेलवर चालतं, तरी एक ठरावीक वेग सेलशिवायही मिळतो. एमईवर तो १००एक्स, एमई सुपरवर १२५एक्स, आणि दोन्हींवर बी, म्हणजे बटण दाबून धरलं तितका वेळ शटर उघडं. 'सेल नाही, त्यामुळे चालतो की नाही सांगता येत नाही' असं विकणारा म्हणाला, तर पहिल्या गटातल्या कॅमेऱ्यासाठी ही सबब चालत नाही, आणि दुसऱ्या गटातल्यासाठीही पूर्ण चालत नाही.

के१००० १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनला. सुरुवातीचे जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये, शेवटचे चीनमध्ये. शेवटच्या काळातल्या बॉडींत प्लास्टिकचे भाग वाढले. तरीही नीट चालणारा उशिराचा कॅमेरा, वीस वर्षं कपाटात पडून राहिलेल्या जपानी बॉडीपेक्षा कधीही बरा.

मागचं दार उघडण्याआधी

रिवाइंडची कळ उचलून दार उघडण्याचा मोह आवरा. आधी ती कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. सैल फिरली तर कॅमेरा रिकामा आहे. लगेच ताण लागला तर आत जुनी फिल्म आहे. ती काढायची तर तळाचं छोटं रिवाइंड बटण दाबा आणि ताण अचानक सुटेपर्यंत फिल्म गुंडाळून घ्या. अशा जुन्या रोलवर बरेचदा अजून चित्रं असतात.

शटर: इथे घाई नको

लेन्स काढा, मागचं दार उघडा, कॅमेऱ्याचं तोंड उजेड असलेल्या खिडकीकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करा. आता मागून पाहत राहायचं.

१. शटर न चढवता पडदा पाहा, मग लिव्हर ओढून, म्हणजे चढवून, पाहा. दोन वेळा दोन वेगळे पडदे दिसतात आणि दोन्ही पाहणं गरजेचं आहे. स्पॉटमॅटिक, के१००० आणि एमएक्सचे पडदे रबर चढवलेल्या कापडाचे असतात. ते सपाट आणि मंद काळे दिसले पाहिजेत. सुरकुती, भेग, चकाकणारा डाग असेल तर त्या जागेवर शंका घ्या. एमई मालिकेत पडदा धातूच्या पात्यांचा असतो आणि वरून खाली धावतो. त्यावर तेलाचे डाग नकोत, आणि त्याला बोट तर लावूच नका.

२. बी वर ठेवून बटण दाबून धरा. पडदा पूर्ण उघडा राहिला पाहिजे, बोट उचलताच पूर्ण बंद झाला पाहिजे, आणि आरसा खाली आला पाहिजे.

३. १ सेकंद, १/२, १/४, १/८ असे वेग ओळीने चालवा. आत घड्याळासारख्या दातेरी चाकांची गाडी धावते, तिची घरघर एकसारखी यायला हवी. मधेच दम लागल्यासारखा आवाज आला किंवा पडदा अर्ध्यावर अडकून मग बंद झाला, तर आतलं ग्रीस सुकलं आहे.

४. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि उघडा उजेड किती फ्रेममध्ये दिसतो ते मोजा. १ सेकंदाला साधारण २४० फ्रेम, १/४ ला ६०, १/१५ ला १६, १/३० ला ८. दहापंधरा टक्के इकडेतिकडे चालेल. १/१५ च्या जागी २५ फ्रेम आल्या तर तो वेग निम्म्यापेक्षा जास्त रेंगाळतो आहे. १/६० च्या वर ही पद्धत भरवशाची नाही, कारण तिथे मोजायला फ्रेमच उरत नाहीत.

५. १/१००० वर किमान दहा वेळा शटर मारा. प्रत्येक वेळी क्षणभर पूर्ण आयत उजळलेला दिसला पाहिजे. एका बाजूला उभी काळी पट्टी दिसली, किंवा काहीच उजळलं नाही, तर शटर 'कॅप' होतं आहे.

ही कॅपिंगची भानगड समजून घेतली तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. वरच्या वेगाला पूर्ण फ्रेम एकाच वेळी उघडी नसते. पहिला पडदा निघतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि दोघांमधली जेमतेम दोनतीन मिलिमीटरची फट फ्रेमभर सरकत जाते. दोन्ही पडद्यांच्या स्प्रिंग वेगळ्या असतात. जुनं तेल घट्ट होऊन पहिला पडदा मंदावला की दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते आणि फ्रेमचा उरलेला भाग काळा राहतो. म्हणूनच हा दोष १/१००० ला दिसतो आणि १/१२५ ला दिसत नाही. १/२५० पर्यंतचे वेग ठीक असतील तर असा कॅमेरा वापरता येतो, फक्त ती मर्यादा माहीत असली पाहिजे.

आरसा वरच अडकून राहणं हा स्पॉटमॅटिक आणि के१००० चा नेहमीचा आजार, आणि त्याचं मूळही बहुधा पडद्यातच असतं. दुसरा पडदा प्रवासाच्या शेवटी जो धक्का देतो त्याने आरसा खाली सुटतो. पडदा शेवटच्या टप्प्यात रेंगाळला की धक्का कमी पडतो. त्यामुळे आरशाच्या बिजागरीत तेल सोडून काही होत नाही, उलट ते तेल पडद्यावर आणि फोकसिंग काचेवर पसरतं.

बरीच वर्षं पडून असलेला कॅमेरा पन्नाससाठ वेळा चालवल्यावर काहीसा मोकळा होतो, तेवढं जरूर करून पाहा. सुधारणा दोनचार दिवसांनीही टिकली तर उत्तम. न टिकल्यास आतून साफ करून नवं तेल घालण्याला पर्याय नाही. दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. गंज काढायच्या स्प्रेचा फवारा आत मारू नका. आणि तळ उघडून पडद्याच्या स्प्रिंगचा ताण वाढवून वेग 'जुळवू' नका. ताण वाढवला की मळ झाकला जातो, पडद्याच्या फिती जास्त ओढल्या जातात आणि काही महिन्यांनी दोष वाढून परत येतो.

एमई सुपरचा आरसा वर अडकलेला दिसला तर घाबरण्याआधी डायल १२५एक्सवर फिरवा. सेल संपलेला असेल तर आरसा खाली येतो. नवे सेल घालूनही तो पुन्हा पुन्हा अडकत असेल तर आतले रबरी भाग वितळून चिकट झालेले असतात. पेंटॅक्सच्याच एलएक्स मॉडेलचंही तेच दुखणं आहे: बटण दाबल्यावर आरसा क्षणभर थांबून मग उठतो, विशेषतः काही दिवस न वापरता ठेवल्यावर. एलएक्स घेताना पहिलाच शॉट नीट पाहा, कारण पाचदहा शॉटनंतर लक्षण लपतं.

सेल आणि मीटर

सेलचं झाकण नेमक्या जाडीच्या नाण्याने उघडा. बारीक स्क्रूड्रायव्हरने त्याची खाच तुटते. आत पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर जुना अल्कलाइन सेल गळला आहे. ती अल्कली असते, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. धातूचा संपर्कबिंदू पेन्सिलच्या खोडरबराने घासून चमकवा. एवढं करूनही मीटर हललं नाही तर संपर्कबिंदूला जोडलेली तार आतून कुजलेली असू शकते. ती बदलून डाग देणं हे मेकॅनिकसाठी छोटं काम आहे.

के१००० ला एक एलआर४४ किंवा एसआर४४ लागतो, एमएक्स आणि एमई मालिकेला दोन. मीटरसाठी एसआर४४ घ्या. सिल्व्हर ऑक्साइड सेलचा दाब शेवटपर्यंत जवळपास स्थिर राहतो. अल्कलाइनचा हळूहळू उतरतो आणि मीटर नकळत चुकायला लागतं. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही. अंधारात त्याच्या सेन्सरचा रोध इतका वाढतो की प्रवाह नगण्य होतो, म्हणून लेन्सवर टोपी लावणं हेच बंद करणं. टोपी हरवली असेल तर सेल का टिकत नाही याचं कारण तेच.

स्पॉटमॅटिक पाऱ्याच्या १.३५ व्होल्ट सेलसाठी बनवला होता आणि ते सेल आता मिळत नाहीत. सुदैवाने त्याच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट आहे, त्यामुळे १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर सेलवरही ते बरोबर दाखवतं. ३९४ क्रमांकाचा सेल उंचीला बसतो, व्यासाला थोडा लहान पडतो. भोवती रबरी रिंग घातली की हलत नाही. मीटर लावण्यासाठी माउंटच्या बाजूचं बटण वर सरकवायचं. तसं करताच ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, खरोखर बारीक होतं आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. तो दोष नाही, या मॉडेलची मोजायची रीतच तशी आहे.

मीटर तपासायला साधी, एकाच रंगाची भिंत आणि एखादा डिजिटल कॅमेरा पुरे. दोन्हीकडे तोच आयएसओ आणि तेच ॲपर्चर ठेवून तीन वेगवेगळ्या उजेडात वाचन घ्या: उन्हात, सावलीत आणि घरात. फरक तिन्ही ठिकाणी सारखा, समजा एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा), असेल तर तो एएसएच्या (आयएसओचं जुनं नाव) डायलवर भागवता येतो. मीटर एक स्टॉप कमी एक्स्पोजर सुचवत असेल तर ४०० च्या फिल्मला २०० लावा. उन्हात बरोबर आणि घरात दोन स्टॉप चूक असं असेल तर मात्र त्या मीटरवर विसंबू नका. कॅमेरा मग बिनमीटरचा समजून वापरावा, त्यात काही कमीपणा नाही. लख्ख उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या एएसएइतका वेग, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५, हा हिशोब कुठल्याही काट्याशिवाय चालतो.

स्पंज बदलणं: घरी करण्यासारखं काम

दाराच्या खाचांत आणि बिजागरीजवळ उजेड अडवायला, आणि आरशाच्या वरच्या टोकाशी धक्का झेलायला काळा स्पंज लावलेला असतो. चाळीस वर्षांनी त्याची चिकट, डांबरासारखी राळ होते. बोटाला काळं लागलं की तो बदलायचा. पुढचं काम दीड तासाचं आहे.

साहित्य: आयसोप्रोपिल अल्कोहोल, बांबूच्या टूथपिक, कापसाच्या काड्या, खाचांसाठी साधारण १.५ मिमी जाडीचा आणि बिजागरीसाठी २ मिमी जाडीचा काळा स्पंज, आणि धारदार पातं. खाचेत स्पंजऐवजी काळी लोकरीची दोरीही चालते. ती कधी वितळत नाही, म्हणून अनेक मेकॅनिक तीच पसंत करतात.

आधी पडद्याच्या चौकटीवर जाड कागद टेकवून ठेवा, चिकटपट्टी मात्र लावू नका. जुन्या स्पंजचा एक कण पडद्यावर चिकटला तरी शटर अडखळतं. कॅमेरा तिरका धरा, म्हणजे कण आत न जाता बाहेर पडतील. टूथपिकने कोरडा स्पंज खरवडून काढा, उरलेल्या राळेवर अल्कोहोलने ओली केलेली काडी मिनिटभर टेकवा, मग पुसा. काडी ओली हवी, ठिबकणारी नको. धातू स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा, कारण राळेवर लावलेला नवा स्पंज महिन्याभरात सुटतो.

पट्टी खाचेच्या रुंदीपेक्षा किंचित अरुंद कापा. चिकट बाजू अल्कोहोलने जराशी ओलावली की काही सेकंद ती सरकवून नीट बसवता येते. दार बंद करताना जोर लागला तर स्पंज जाड झाला आहे. तो तसाच ठेवलात तर कडीवर ताण येतो आणि दार मधेच उघडतं.

आरशाचा स्पंज बदलताना जास्त जपा. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून काम करा. वरची फोकसिंग काच प्लास्टिकची असते आणि आरशाचा चांदीचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो. दोन्हीला अल्कोहोल किंवा कापूस लागला की कायमचा डाग पडतो. त्यांवर धूळ दिसली तर रबरी फुग्याने हवा मारा, आणि तेवढ्याने गेली नाही तर राहू द्या. व्ह्यूफाइंडरमधली धूळ फोटोत येत नाही. नवा स्पंज जुन्याच्या मूळ जाडीचा हवा. जाड लावला तर आरसा पूर्ण वर जात नाही.

लेन्स

लेन्स डोळ्यासमोर धरून मागून टॉर्च मारा आणि तिरप्या कोनातून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या म्हणजे बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा म्हणजे आत साचलेली वाफ. थोडीफार धूळ आणि पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चित्राला फारसं बिघडवत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र बिघडवतो. बुरशी काठाशी आणि थोडी असेल तर साफ होते, पण तिने लेपन खाल्लं असेल तर तिथे खुणा राहतात.

ॲपर्चर एफ/१६ वर ठेवून मागची कळ बोटाने हलवा. पाती झटकन मिटली आणि झटकन उघडली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर ती सुस्तावतात, आणि फोटो विनाकारण जास्त उजळ येतात. फोकसची रिंग घट्ट फिरत असेल तर ग्रीस सुकलं आहे. ती आट्यांची जोडणी घरी उघडू नये. आटे कुठून सुटले याची खूण केली नसेल तर ती परत जुळवताना संपूर्ण दिवस जातो.

लेन्सच्या नावावरून बरंच कळतं. टाकुमार हे स्क्रू माउंटच्या काळातलं नाव. १९७१ पासून सुपर मल्टी कोटेड लेपन आलं आणि समोरच्या दिव्याला तोंड देण्यात मोठा फरक पडला. के माउंटवर आधी नुसतं 'एसएमसी पेंटॅक्स', मग लहानखुऱ्या 'एम' लेन्स, १९८३ पासून 'ए' मालिका. 'ए' लेन्सच्या रिंगवर ए अशी खूण असते आणि माउंटवर विजेचे संपर्कबिंदू. के बायोनेटच्या काही स्वस्त लेन्सवर फक्त 'टाकुमार' लिहिलेलं असतं, एसएमसी नाही. जुन्या टाकुमारांचा लौकिक त्यांना लागू नाही, त्यांवर ते लेपनच नाही.

५० मिमी एफ/१.४ टाकुमारच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे. तिच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं पिवळी, चहाच्या रंगाची होत जाते. अतिनील प्रकाशाने हा पिवळेपणा उतरतो: लेन्स काही दिवस ते दोन आठवडे उन्हात किंवा अतिनील एलईडीखाली ठेवा. उन्हात ठेवताना खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल नीट लावा. तिच्यामुळे किरण परत वर जातात आणि खाली काही पेटायचा धोका टळतो. एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. लेन्स कॅमेऱ्यावर लावून वापरण्यात अडचण नाही, पण तिची काच घासणं किंवा फोडणं कटाक्षाने टाळा.

चाचणीचा रोल

पहिल्या रोलवर आठवणी टिपू नका, कॅमेरा तपासा. १०० आयएसओची रंगीत निगेटिव्ह, २४ फ्रेमची पुरे. फिल्मचं टोक रिळाच्या फटीत घालून दार बंद केल्यावर रिवाइंडच्या कळीने सैलपणा ओढून घ्या. मग प्रत्येक वेळी फिल्म चढवताना ती कळ उलटी फिरते की नाही पाहा. फिरत नसेल तर टोक सुटलं आहे आणि फिल्म पुढे जात नाहीये. के१००० वर हे नेहमी घडतं.

ढगाळ दिवशी, उजेड स्थिर असताना, ट्रायपॉडवरून एकाच दृश्याचे सात शॉट घ्या: १/१००० ला एफ/२, १/५०० ला २.८, १/२५० ला ४, १/१२५ ला ५.६, १/६० ला ८, १/३० ला ११, १/१५ ला १६. सातही निगेटिव्ह सारख्याच गडद यायला हव्यात. १/१००० चीच फिकी आली तर वरचा वेग कॅप होतो आहे. १/३० आणि १/१५ च्याच जास्त गडद आल्या तर खालचे वेग रेंगाळतात. पुढचे दोनतीन शॉट ॲपर्चर पूर्ण उघडून, एक मीटरवरच्या छापील मजकुरावर आणि मग दूरच्या इमारतीवर फोकस करून घ्या. आरसा किंवा फोकसिंग काच जागेवरून सरकली असेल तर इथे कळतं. उरलेल्या फ्रेम उन्हात घ्या आणि मधे कॅमेरा दहा मिनिटं उन्हात ठेवा, म्हणजे दार गळत असेल तर दिसेल.

निकाल वाचताना निगेटिव्हची पूर्ण पट्टी पाहा, नुसते स्कॅन नकोत. उजेडाचा डाग फ्रेमबाहेर, भोकांच्या कडेपर्यंत पसरला असेल तर तो दाराकडून आला आहे. फ्रेमच्या आतच थांबला असेल तर पडदा किंवा आरशाची बाजू तपासा. रंगीत फोटोत दाराकडचा डाग बहुधा लाल-नारिंगी असतो, कारण तिथून उजेड फिल्मच्या पाठीमागून शिरतो आणि लाल रंग टिपणारा थर त्याला आधी भेटतो. चित्र फिल्मवर उलटं पडतं हेही ध्यानात ठेवा: बिजागरीची गळती फोटोच्या डाव्या बाजूला दिसते, तळाची गळती वरच्या कडेला. सगळ्या फ्रेममध्ये त्याच जागी ठिपका असेल तर पडद्याला सुईएवढं भोक आहे.

शेवटच्या फ्रेमला लिव्हर अडली की तिथेच थांबा. जोर लावला तर फिल्मची भोकं फाटतात किंवा ती रिळातून निखळते, आणि मग अंधाऱ्या खोलीशिवाय दार उघडता येत नाही.

फ्लॅश वापरायचा तर स्पॉटमॅटिक, के१००० आणि एमएक्सवर १/६० किंवा त्याहून कमी वेग. स्पॉटमॅटिकवर एफपी आणि एक्स अशी दोन छिद्रं आहेत. आजच्या फ्लॅशची वायर एक्समध्येच. एफपीमध्ये घातली तर पडदा पूर्ण उघडण्याआधीच फ्लॅश उडून जातो.

डिजिटल बॉडी

पेंटॅक्सचा पहिला डिजिटल एसएलआर २००३ चा इस्ट डी: ६ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर, सीएफ कार्ड, चार एए सेल. २००६ चा के१००डी ६ मेगापिक्सेलचा, पण सेन्सर हलवून हात थरथरणं भागवणारा. त्याच वर्षीचा के१०डी १० मेगापिक्सेल, सीसीडी, पाण्याच्या तुषारांपासून बंदिस्त बॉडी आणि तीच स्थिरीकरणाची सोय. २००८ च्या के२०डीपासून मोठ्या बॉडींत सीसीडीऐवजी सीमॉस प्रकारचा सेन्सर आला. जुन्या लेन्ससाठी या सगळ्यांत के१०डी सर्वात समाधान देतो, मुख्यतः त्याच्या खऱ्या पेंटाप्रिझमच्या मोठ्या, उजळ व्ह्यूफाइंडरमुळे.

एएवर चालणाऱ्या बॉडी साध्या अल्कलाइन सेलवर पाचदहा फोटोंत मान टाकतात. कॅमेरा एकदम मोठा प्रवाह मागतो आणि अल्कलाइनचा दाब तेवढ्यात कोसळतो. बिघाड समजण्याआधी लिथियम एए किंवा चांगले रिचार्जेबल सेल घालून पाहा. कार्ड वाचत नसेल तर आधी २ जीबी किंवा त्याहून लहान एसडी कार्ड वापरा. मोठी कार्डं त्या काळच्या फर्मवेअरला झेपतीलच असं नाही.

मग टोपी लावून ३० सेकंदांचा शॉट घ्या आणि रंगीत ठिपके मोजा, थोडे असणारच. एफ/२२ वर आकाशाचा शॉट घेतला की सेन्सरवरची धूळ दिसते. ४५ अंशांत ठेवलेल्या मोजपट्टीवर ऑटोफोकस करून तो पुढे-मागे चुकतो का ते पाहा. शटर किती वेळा चाललं तो आकडा मूळ फाइलमध्ये नोंदलेला असतो, एक्झिफटूल या प्रोग्रॅमने तो वाचता येतो. २०१२ नंतरच्या के-३०, के-५० आणि त्यांच्या पिढीतल्या काही बॉडींत ॲपर्चर हलवणारा विद्युतचुंबक नीट सुटत नाही आणि फोटो अचानक अंधारे येतात. अशी बॉडी रात्रभर बंद ठेवून सकाळचे पहिले दहा शॉट तपासा.

जुन्या फ्लॅशपासून मात्र जपा. काहींच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या पुढे दाब असतो. यांत्रिक फिल्म कॅमेऱ्याला तो चालून जातो, डिजिटल बॉडीचं सर्किट जळू शकतं.

'एम' लेन्स डिजिटलवर कशी चालवावी

पहिल्यांदा शटर दबतच नाही, आणि अनेक जण लेन्स बसत नाही समजून परत करतात. त्यासाठी कस्टम मेनूमध्ये ॲपर्चर रिंग वापरण्याची परवानगी द्यावी लागते. ती दिल्यावर:

१. कॅमेरा चालू करताच तो फोकल लेंथ विचारतो. लेन्सवरचा आकडा भरा. ५० ला ५०, त्याला १.५ ने गुणू नका. चुकीचा आकडा भरला तर स्थिरीकरण चुकीच्या प्रमाणात हलतं आणि फोटो उलट जास्त हललेला येतो.

२. मोड एम (मॅन्युअल) वर ठेवा. एव्हीवर (फक्त ॲपर्चर आपण लावायचा मोड) ठेवलात तर रिंग कुठेही असो, लेन्स पूर्ण उघडीच राहते.

३. रिंगवर ॲपर्चर लावा, फोकस करा, मग के१०डीवर हिरवं बटण आणि के१००डीवर एई-एल बटण दाबा. क्षणभर ॲपर्चर बंद होतं, कॅमेरा मोजतो आणि शटरचा वेग लावतो.

४. शॉट घेऊन हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा. अशा मोजणीत एखादा स्टॉप इकडेतिकडे होतो, आणि चूक ॲपर्चरनुसार बदलते. आपल्या लेन्सची चूक कोणत्या आकड्याला किती, हे एकदा लिहून ठेवलं की पुढे अंदाज बसतो.

'ए' लेन्सला यातलं फोकल लेंथ भरण्यापलीकडे काही लागत नाही. रिंग ए वर ठेवून सगळे मोड वापरा.

एम४२ लेन्ससाठी पेंटॅक्सचं मूळ ॲडॉप्टर घ्या. दोन्ही माउंटचं फिल्मपासूनचं अंतर ४५.४६ मिमी, एकच आहे. त्यामुळे ॲडॉप्टर माउंटच्या आतच बसायला हवं. बाहेर कडा असलेली ॲडॉप्टरं लेन्स पुढे ढकलतात आणि दूरच्या वस्तूंवर फोकस जात नाही. लेन्सचं बटण मॅन्युअलवर ठेवलं की इथे एव्ही मोड चालतो. लेन्स काढल्यावर ॲडॉप्टर बॉडीतच राहतं. ते काढायला आतली छोटी स्प्रिंग नखाने दाबून मग फिरवायचं, नुसतं फिरवून ते निघत नाही.

रिको या कंपनीच्या काही के माउंट लेन्सवर, ज्यांच्या नावात पी असतो, माउंटच्या कडेला एक जादा खिळा असतो. पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीवर, फिल्म असो वा डिजिटल, तो ऑटोफोकसच्या छिद्रात शिरून अडकतो आणि लेन्स निघत नाही. लावण्याआधी माउंटवरून बोट फिरवून खिळा शोधा आणि तो काढून टाका. आधीच अडकली असेल तर फिरवण्यासाठी जोर लावू नका. लेन्स आणि बॉडीच्या फटीतून पातळ पत्र्याची पट्टी सरकवून खिळा आत दाबला जातो, आणि मग लेन्स सहज वळते.